एकशेआठ पळ्या आणि नवा अभ्यासक्रम

माझा आवाज इतका हळू, की मी हाकललं तर मांजर आधी दूध संपवतं आणि मग जातं. पण त्या शनिवारी मी ठरवलंच होतं! पालकसभेत नव्या अभ्यासक्रमाचे असे तोटे सांगायचे, की शाळेतल्या खुशाल सरांनी हातातला खडू खाली ठेवावा!

माझी नात आचल चौथीत आहे. पूर्वी पाढे म्हणायची. आता चिंचोके मोजते, पानं चिकटवते, तलावावरून चिखल आणते. शनिवारी तर दप्तरच नेत नाही! मुलगा प्रफुल म्हणाला, "माय, तूच बोल सभेत. तुले नाई पटलं त सोमवारी हिचं नाव काढू अन् पोंभुर्ण्याच्या शाळेत टाकू."

आचल रडकुंडीला आली. "मले इथीच राह्याचं हाय!"

मी म्हटलं, "एकोणीसचा पाढा म्हण बरं." ती एकोणीस चोकवर अडकली. "पाह्य! मी अकरा वर्षं झाले, रोज एकशेआठ पळ्या मोजतो. एकदा तरी चुकलो का?"

माझं व्रतच तसं आहे. उठल्यापासून मौन. शाळेला लागून महादेवाचं देऊळ आहे, तिथे कलश एकदाच भरायचा आणि पिंडीवर एकशेआठ पळ्या घालायच्या. मग बोलायचं. एरवी आठ वाजेपर्यंत सगळं आटोपतं. पण एकशेआठ पुऱ्या झाल्याच नाहीत, तर दिवस मावळेपर्यंत तोंड बंद! लिहायचंही नाही. लिहिलं तर ते मौन कसलं?

तर शनिवारी आंघोळ करून देवघरात गेले, आणि पाहते तर कलश नाही! पळीही नाही!

प्रफुलसमोर हातांनी गोल दाखवला, मग ओतायची खूण केली.

"पोट? जुलाब लागले?"

मी जोरात मान हलवली.

"मंग उलट्या?"

त्याने ओव्याचा काढा केला. मी नको नको करत राहिले आणि तो म्हणाला, "कडू हाय म्हून नको म्हणून राह्यली. पी!" प्यायले. काय करता! मग घरभर कलश शोधला. चुलीमागे, कोंबड्यांच्या खुराड्यात, जाळ्यांच्या ढिगाखाली. शेवटी शाळेत निघाले, तोवर सभेची वेळ झाली होती.

वर्गात पाऊल टाकलं. फळ्यावर लिहिलं होतं, 'आज मोजमाप. घरचं भांडं आणा.' भगोणी, लोटे, बादल्या यांच्या रांगेत माझा कलश, शेजारी पळी! आणि त्यात काय? तीन जिवंत मासे! आमच्या घरी मासळी रोजची, त्याचं काही नाही. पण महादेवाच्या कलशात?

मी कलशाकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात नकाराचे हलवले.

"पोट्टेहो, पाहा!" खुशाल सर आनंदाने ओरडले. "मासा पर कसे हालवते, आजी करून दाखवून राह्यली!"

चाळीस पोरं हात हलवू लागली. मी आणखी रागाने हलवले. तीही आणखी जोरात! पाहणीला आलेले साहेब मोबाइलवर फोटो काढत होते.

मग मी कलशच उचलला. मासे आचलच्या बादलीत सोडले, कलश राखेने तीनदा घासला, काठोकाठ भरला आणि पळी घेऊन थेट देवळात गेले. अभिषेक झाला की मौन सुटणार, आणि मग एकेकाला पाहतेच!

मागोमाग सभाही आली. सर, साहेब, पालक, पोरं, सगळे!

पहिली पळी घातली.

"एक!" पोरं ओरडली. मोजमापाचा दिवस ना!

"दोन! तीन!"

मला मनातून बरंच वाटलं. पाहू दे सगळ्यांना, जुन्या काळची मोजणी कशी असते!

"चौऱ्याण्णव! पंच्याण्णव! शहाण्णव!"

सत्त्याण्णवसाठी पळी आत घातली तर खडखड आवाज आला. कलश रिकामा! उलटा केला. झटकला. एक थेंब पडला, तोही माझ्याच पायावर.

"आजी," आचल हळूच म्हणाली, "सकाळी आम्ही तीनदा मोजलं. त्यात शहाण्णवच मावते. तू रोज एकशेआठ कशा घालतं?"

अकरा वर्षं! मी महादेवाकडे पाहिलं. त्याचंही मौनच होतं.

आता खरं सांगते, मोजताना माझं मन कधी भाजीत, कधी प्रफुलच्या जाळ्यात असायचं. बोटं आपली चालायची.

"चला, इंदिराबाई," साहेब आदराने म्हणाले, "आता तुम्ही तोटे सांगा."

कशी सांगणार? व्रत अपुरं, कलश दुसऱ्यांदा भरायचा नाही!

प्रफुलने कानाशी विचारलं, "माय, नाव काढाचं का आचलचं?"

मी मान हलवली. नाही. दिवसभरात माझी ही एकच खूण सर्वांना बरोबर समजली. आचल येऊन कमरेला बिलगली.

वर्गात परतलो तेव्हा सरांनी फळ्यावर दोन रकाने आखलेले होते. फायद्यांचा पालकांनी गच्च भरला. तोट्यांच्या रकान्यात मात्र एकच ओळ होती, आचलच्या अक्षरात: 'आजीच्या बारा पळ्या.'