अँटेनाचं तोंड

अँटेना कुठली घ्यायची हे ठरवायला गावाची सभा बोलावणं, ही ऋतिकाची पहिली चूक. दुसरी करायची तिच्यावर वेळच आली नाही. त्यानंतरच्या सगळ्या गावाने केल्या.

मुंबईची कॉल सेंटरची नोकरी सोडून ती गावच्या नव्या एफएम केंद्राची प्रमुख झाली होती. कर्मचारी एकच, तोही तीच. पुढच्या गुरुवारी परवान्याचे साहेब येणार होते. चारही वाड्यांत आवाज पोचला तर केंद्र टिकणार. नाही पोचला तर ऋतिका पुन्हा अंधेरीत, कानाला हेडफोन लावून अनोळखी लोकांच्या शिव्या ऐकणार.

"एक अँटेना चारी बाजूंना आवाज टाकते," तिने समजावलं. "दुसरी एकाच बाजूला, पण लांब. आपल्याला पहिली हवी."

"चारी बाजूंना म्हंजे खाडीपलीकडं पण?" गावकर, म्हणजे गावचे पहिले मानकरी, महिपततात्यांनी विचारलं.

"हो."

"फुकट?"

"रेडिओ फुकटच असतो, तात्या."

सभा गंभीर झाली. पलीकडच्या गावाने अंडरआर्म क्रिकेटच्या फायनलचा वादग्रस्त कप होडीत घालून नेला, तेव्हापासून बोलणं बंद होतं. त्यांना आपल्या विजेवर भजनं ऐकवायची हे कुणालाच पटेना. एका बाजूची अँटेना एकमताने ठरली. गावात याआधी एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे ते फार टिकलंही नाही.

"तोंड वरच्या वाडीकडं," तात्या म्हणाले. "शिमग्यात पालखी पयली आमच्याकडं येते."

"पन बसते आमच्या वाडीत," खालच्या वाडीच्या जनीकाकू म्हणाल्या. "पालखी टेकायची सहाण आमची, तर अँटेना पन आमची."

शेवटी अँटेना पालखीसारखीच फिरवायचं ठरलं. रोज एक वाडी. सोमवारी नारळ फोडून चौघांनी पाण्याच्या टाकीवरच्या खांबाला ती वरच्या वाडीकडे तोंड करून बांधली आणि ऋतिकाने भाताला खत टाका म्हणून सांगितलं. मंगळवारी तोंड खालच्या वाडीकडे वळलं आणि तिने सांगितलं, कालचं ऐकू नका, मोठा पाऊस येतोय. खालच्या वाडीने कालचं ऐकलंच नव्हतं. वरच्या वाडीचं खत मात्र वाहून खालच्या वाडीच्या शेतात गेलं.

"रेडिओचा फायदा हाय हां," जनीकाकू म्हणाल्या.

बुधवारी ऋतिका अँटेना घेऊन एसटीने दापोलीला गेली आणि दुकानदाराच्या हातापाया पडून चारी बाजूंची, कड्यासारखी गोल अँटेना बदलून आणली. ती खांबाला लावून वर निळा प्लास्टिकचा ड्रम उपडा घातला. मग चारही वाड्यांत जाऊन प्रत्येक ठिकाणी हळूच सांगितलं, "तोंड कायमचं तुमच्याकडे केलंय. कुणाला बोलू नका."

कुणी बोललं नाही. गुरुवारी साहेब चारही वाड्या फिरले, आवाज सगळीकडे खणखणीत. प्रत्येक वाडी उरलेल्या तिघींकडे दयेने बघत होती. साहेबांनी शेरा लिहिला, 'लोकसहभाग उत्तम.'

साहेबांची गाडी जाताच तात्या केंद्रात आले.

"टाकीवर चढलो होतो. ड्रम उचलून बगितला."

ऋतिकाने आधी माइक बंद केला.

"तोंडच नाय गो तिला."

"तात्या, मी सांगणारच होते..."

तेवढ्यात फरमाईशीचा फोन वाजला. तात्यांनीच उचलला. खाडीपलीकडून होता. त्यांच्या सरपंचांना भजन हवं होतं.

ऋतिका मनातल्या मनात बॅग भरायला लागली. तात्यांनी खिडकीतून टाकीवरच्या ड्रमकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि फोनवर आवाज खाली आणला.

"ऐकू येनारच. तोंड तुमच्याकडंच केलंय, माज्या हातानं. इथं कुनाला म्हाईत नाय." मग ते म्हणाले, "आता असं करा, तो कप उद्याच्या होडीनं पाठवा. नायतर फिरवीन."