उकंडाभाऊंचं आवतन

सोशल मीडियाचा ऑनलाइन कोर्स उभ्यानं पुरा करणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. उकंडाभाऊ, आमच्या गावचे निवृत्त कोतवाल. क्लासची वेळ झाली की शेलूबाजारहून आणलेला मोबाइल कोनाड्यात टेकवायचे, डोक्याला दुपट्टा बांधायचे आणि मॅडम बोलायच्या थांबेपर्यंत समोर उभे राहायचे. मॅडमना त्यांच्या सदऱ्याची बटणं तेवढी दिसायची.

"काका, बसून घ्या ना," मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

"साहेब लोकायसमोर आपुन कधी बसलो नाई जी. तुमी सांगा, माये पाय पक्के हायेत."

भाऊंचा जन्म गेला दवंडी देण्यात. ग्रामसभा असो, लसीकरण असो की कोणाची म्हैस सुटलेली असो, भाऊ डफड्याचं कातडं जाळावर शेकून ताणून घेत आणि निघत. सुरुवात मारुतीच्या पारापासून. प्रत्येक वळणावर सांगून झालं की थांबून राहत. एखादं दार करकरे, पिठाच्या हातानं कोणी बाई बाहेर येई, "आयकलं गा भाऊ" म्हणे, तेव्हा कुठे पुढे सरकत. "तोंडातून हू तं निघालं पायजे" हे त्यांचं ब्रीद. शेवटची दवंडी स्वतःच्या दारात, तीही पूर्ण, कारण तेही गावातलंच घर. मग आतून, चुलीपुढून, सरूवहिनी ओरडायच्या, "आयकलं! आता जेवाले या." ती हाक भिंतीतून आमच्याकडे यायची आणि आम्हीही पानं घ्यायचो.

पुढे ग्रामपंचायतीनं गावाचा ग्रुप काढला आणि डफडं खुंटीला गेलं. त्यानंतर सरूवहिनीही गेल्या. मूलबाळ नव्हतं. भाऊ बोलेनासे झाले. दवंडी देणारा माणूस गप्प झाला की गल्लीलाच चैन पडत नाही. मग एका सकाळी ते माझ्या ओट्यावर आले.

"गजानन, मले तो मोबाइलचा कोर्स लावून दे. सरूचं वर्ष येऊन राह्यलं. जेवनाचं आवतन आता ग्रुपवरच देतात म्हनते लोक. कोतवालाच्या बायकोचं आवतन दुसऱ्यानं कायले द्यावं?"

मी नाव नोंदवून दिलं आणि गावाच्या डोक्याला ताप लावून दिला. भाऊ सरावाला म्हणून ग्रामपंचायतीचा निरोप ग्रुपवर टाकायचे आणि लगेच तोच पुन्हा टाकायचे, मग पुन्हा. लोक वैतागले. भाऊंचं म्हणणं सरळ होतं, "पारावरच्यानं आयकलं अन् वेशीवरच्यानं नाई आयकलं, तं?" टाकून झालं की रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, कोणाचं दार वाजतं का ते ऐकत.

मॅडमनी समजावलं, दोन निळ्या रेघा दिसल्या की समोरच्यानं वाचलं असं समजायचं.

"रेघेले तोंड असते काय जी?" भाऊंनी विचारलं. "हू तं निघालं पायजे."

मॅडमनी पुढचा धडा काढला. मला त्यांची दया आली.

कोर्सच्या शेवटी प्रत्येकानं आपली स्वतःची पोस्ट लिहायची होती. भाऊंनी वहिनींचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, सरूबाईच्या वर्षाचं जेवण, साऱ्या गावाले चूलबंद आवतन. चूलबंद म्हणजे त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. पोस्ट ग्रुपवर पडली आणि जोडलेल्या हातांची चित्रं येऊ लागली, एकाखाली एक.

भाऊ मोबाइल घेऊन माझ्याकडे धावत आले. "पाह्य, सारं गाव हात जोडून राह्यलं! आवतन घेतलं लोकायनं."

"भाऊ, फोटो पाहून जोडले ते. ती श्रद्धांजली आहे. खालचं कोणी वाचलं का नाही, कोण जाणे."

"हट! हात जोडून आवतन घेतल्यावर कोनी जेवाले येत नाई, असं झालं काय कधी?"

आमच्याकडे तसं खरंच होत नाही. भाऊंनी गावाच्या हिशोबानं वरण-पोळ्या केल्या, आलू-वांग्याची भाजी केली, बुंदी पाडली. वहिनींना बुंदी फार आवडायची.

दुपार झाली. मांडवात आमचं घर तेवढं आलं होतं. गल्लीतून फोडणीचे वास येत होते. लोकांनी हात जोडले होते आणि आपापली चूल पेटवली होती. भाऊ कितीतरी वेळ मांडवाच्या तोंडाशी उभे होते. मला त्यांच्याकडे पाहवेना.

मग ते आत गेले, खुंटीवरचं डफडं काढलं, बुंदीच्या भट्टीवर शेकलं आणि पाराकडे निघाले. पहिल्या हाकेला आवाज फाटला. दुसरीला लागला. "आयका हो आयका! सरूबाईच्या वर्षाचं जेवन तयार हाये हो!"

दारं करकरली. "आयकलं गा भाऊ!" "बाप्पा, आज होतं काय? आमी नुसता फोटूच पाह्यला!" बायांनी चुली विझवल्या, पोरांचे हात धरले आणि निघाल्या. वेशीपर्यंत दवंडी पोचली तेव्हा मांडवात पंगती बसल्या होत्या.

भाऊ परत आले ते थेट स्वतःच्या दारात थांबले. डफडं वाजवलं, पूर्ण दवंडी दिली आणि सवयीनं कान आत लावून उभे राहिले.

पंगतीत कोणी घास उचलला नाही. भाऊ हलेनात.

माझी बायको शोभा आत चुलीपाशी बुंदीचं ताट भरत होती. तिनं ताट खाली ठेवलं आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाली, "आयकलं, भाऊजी! आता जेवाले या."

भाऊंनी डफडं भिंतीला टेकवलं आणि साऱ्या गावासमोर उंबरठ्यावर खाली बसले.