परीक्षेपुरतं एक झाड

"झाड कुठाय?" परीक्षक जाफ्ता साहेबांनी विचारलं.

नोंझामेने यांत्रिक करवत खांद्यावरून खाली ठेवली. "कुठलं झाड, साहेब?"

"वॉटल! अर्जात लिहिलंय ना. उमेदवाराने परीक्षकासमोर वॉटलचं एक उभं झाड कापून दाखवावं."

एंताबेनी गावाच्या अख्ख्या डोंगरउतारावर आता उभं वॉटल असं उरलंच नव्हतं. हे परदेशी झाड ओढ्यांचं पाणी पितं, ते समूळ संपवा, असं सरकारी प्रशिक्षणात तीन महिने घोकून घेतलं होतं, आणि गावातल्या बारा बायकांनी ते मनावर घेतलं. सरकारी काम एवढं मनावर घ्यायचं नसतं, हे कुठल्याच तासाला शिकवलं नव्हतं! अकरा जणी महिन्यापूर्वीच पास झाल्या. नोंझामे तेव्हा तापाने फणफणली होती. आता सर्टिफिकेट नाही, तर वॉटल कापणाऱ्या सरकारी तुकडीतली पक्की नोकरीही नाही.

"निलगिरी चालेल?"

"अर्जात वॉटल आहे."

"साहेब, सगळी कापायला तुम्हीच सांगितलंत की!"

"मी कुठे सांगितलं? मी फक्त तपासतो."

तरी साहेबांना दया आली. त्यांनी तिला गाडीत घालून ओढ्यापलीकडच्या गावी नेलं. तिथे वॉटलचं रान माजलं होतं, पण तिथल्या बायका आडव्या आल्या. "आमची परीक्षा अजून व्हायचीय. झाडं हिला दिली, तर आम्ही काय गवत कापून दाखवायचं?"

राहता राहिलं एकच झाड, एंताबेनीच्या मुखियाच्या गुरांच्या कुंपणाजवळचं. बांगानी नावाचे हे म्हातारे मुखिया त्याच्याच सावलीत मक्याची घरगुती बिअर घेत बसले होते.

"हे झाड ठेवलं म्हणून तुझ्याच खात्याने मला नोटीस धाडली. आणि आज तूच मागायला आलास?"

"काका, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे हो."

"आणि माझ्या सावलीचा?"

तासभर हुज्जत चालली. शेवटी साहेबांनी गाडीतली स्वतःची छत्री काढून म्हाताऱ्याच्या हातात दिली, तेव्हा कुठे त्यांनी खुर्ची हलवली. नोंझामेने झाड असं बेतशीर पाडलं, की शेजारची कोंबडीसुद्धा दचकली नाही. साहेबांनी तिथेच सही ठोकली.

पंधरा दिवसांनी खात्याचं पत्र आलं. एंताबेनीत एकही वॉटल शिल्लक नसल्याने तेथील तुकडी बंद करण्यात येत आहे, कामगिरीबद्दल हार्दिक अभिनंदन. पलीकडच्या गावात काम बरंच बाकी असल्याने तिथल्या तुकडीला तीन वर्षांची मुदतवाढ.

नोंझामेने कपाळावर हात मारून घेतला. एवढा संताप तिला तापातही आला नव्हता. तेवढ्यात अंगणातून सासूने हाक मारली, "अगं, नळापाशी ते मेलं वॉटल उगवलंय बघ! बोटभर आहे, उपटून टाकू?"

नोंझामे धावतच बाहेर आली.

"हात लावू नका, आई! आणि आधी त्या शेळीला बांधा!"