सुनेच्या मापाचे बूट

इंदूने सासूचा पाय मांडीवर घट्ट धरून ठेवला होता आणि डॉक्टर चिमटा घेऊन टाचेवर वाकले होते. अंबूबाईंच्या टाचेला भेगा अशा की एकीत बाभळीचा काटा येऊन किती दिवस बसला होता, ते त्यांनाही सांगता येईना. काटा निघाला, पू निघाला, आणि डॉक्टरांनी हात धुता धुता हुकूम सोडला.

"आजपासून अनवाणी चालणं बंद. घरातसुद्धा. टाच झाकेल असे मऊ कातड्याचे बूट करून घ्या."

"बूट?" अंबूबाईंनी पाय ओढून घेतला. "आन् मी? शहापुरात ऱ्हायाचं हाय मला, डॉक्टर."

एरवी ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्याच आठवड्यात निपाणीहून सूत न्यायला आलेल्या माणसाबरोबर गुणाबाईंचा निरोप आला होता. गुणाबाई म्हणजे अंबूबाईंची थोरली बहीण. डोळ्यांत फूल पडत चाललं होतं. "दिसतंय तवर एकदा तुझं तोंड दाखवून जा," एवढाच निरोप होता. तो ऐकल्यापासून अंबूबाई माजघरात बसून राहायच्या आणि ताटातलं ताटात ठेवायच्या. आईची टाच धड झाली तरच तिला मोटारीत बसवायचं, असं हरिभाऊने ठरवून टाकलं. मग बुटाला नाही म्हणणार कोण?

हरिभाऊ हा अंबूबाईंचा एकुलता एक. नवऱ्यामागं त्या बाईनं स्वतः हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून, पायाखालच्या पट्ट्या दाबून दाबून लुगडी विणली आणि पोराला कोर्टात कारकून केला. तो आईवर जीव टाकायचा. मात्र कुठलंही काम कोर्टाच्या तारखेसारखं गंभीरपणे करायची त्याला खोड होती.

"चांभाराकडं चल. माप द्यायचंय," तो म्हणाला.

"पाय तपासून घ्यायला मी काय बाजारातली घोडी हाय?" अंबूबाई म्हणाल्या. "माझ्या पायाला कोण परका हात लावणार न्हाय."

हरिभाऊ नमला नाही. दुसऱ्या दिवशी आई न्हाणीतून बाहेर आली तसा तो दोरा घेऊन ओल्या पावलाच्या ठशावर उकिडवा बसला. मग त्याने तोच दोरा इंदूच्या पावलाला लावून बघितला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"सारखंच! तुझं पाऊल नि आईचं पाऊल एकाच लांबीचं. तूच चल माप द्यायला."

इंदू काहीतरी बोलणार होती. रोज दुपारी सासूच्या पावलांना खोबरेल तीच चोळायची. सासूचं पाऊल पुढं सुपासारखं पसरलेलं, बोटं एकमेकांशी भांडल्यासारखी लांब लांब. तिचं स्वतःचं पाऊल चिंचोळं, बोटं शेंगेतल्या दाण्यांसारखी चिकटून. लांबी एक असली तरी ही दोन पावलं एका बुटात मावायची नव्हती. तिला हे चांगलं ठाऊक होतं.

पण ती बोलली नाही. इंदू मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायला जायची. वाटेवर नवी खडी टाकलेली. चैत्राच्या उन्हात ती खडी तव्यासारखी तापायची आणि इंदू पदर सावरत, झाडाच्या सावलीतून पुढच्या सावलीकडं पळत शाळा गाठायची. सासू अनवाणी आणि सून पायात घालून मिरवते, हे गल्लीनं खपवून घेतलं नसतं. म्हणून तिनं कधी मागितलं नव्हतं. आता तिच्या मनात एक विचार उंदरासारखा शिरला आणि तिथंच बसला. बूट सासूला होणार नाहीत. मग ते टाकून थोडेच देतील?

लष्करी कँपातल्या मष्णू चांभाराने तिचं पाऊल पाटावर ठेवून घेतलं. लांबी घेतली, मग कातड्याची पट्टी पावलाभोवती गुंडाळून रुंदी घेतली.

"पाऊल बारीक हाय. ज्याचं माप त्योच घालणार न्हवं?"

"तसंच समज," हरिभाऊ म्हणाला.

इंदूने मान खाली घातली.

बूट आले. तपकिरी, मऊ, वर बारीक बंद. अंबूबाई उंबऱ्यावर बसल्या आणि बुटात पाऊल घालू लागल्या. पाऊल अर्ध्यावर अडलं. इंदूचा श्वासही तिथंच अडला. अंबूबाईंनी सुनेकडं एकदा बघितलं, ओठ आवळले आणि टाच आपटली. पाऊल आत गेलं.

"कसं काय, आई?" हरिभाऊने विचारलं.

"झकास," अंबूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. ते आनंदाचं, असं हरिभाऊने धरलं.

तिथून दशा सुरू झाली. अंबूबाई दिवसभर बूट घालायच्या आणि लंगडायच्या. पहिल्यांदा उजव्या पायाने, मग दोन्ही. टाच आतून चिडली असणार असं समजून हरिभाऊने वैद्यांना आणलं. वैद्यांनी दोन्ही पावलांना गरम लेप थापून वरून जाड पट्टी बांधली. पट्टीसकट पाऊल बुटात कोंबायचं म्हणजे पोत्यात पोतं भरण्यातला प्रकार. लंगडणं वाढलं. मग डॉक्टर म्हणाले, पायात बळ राहिलेलं नाही, सकाळ-संध्याकाळ परसात फेऱ्या मारा. "बूट घालूनच," हरिभाऊने बजावलं.

अंबूबाई बूट घालूनच फेऱ्या मारू लागल्या. एका हाताने भिंत धरायच्या, दुसऱ्या हाताने तुळशीवृंदावन. इंदू स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि तव्यावरची भाकरी करपायची.

"आत्याबाई, बूट जरा घट्ट होत न्हाईत?" तिने एकदा धीर करून विचारलं.

"कोण म्हंतंय? पायाला धरून हायती."

मग इंदूने पहाटे उठून बुटांत ओल्या चिंध्या ठासल्या, कातडं सैल पडेल म्हणून. अंबूबाईंनी त्या उपसून काढल्या. "उंदीर लई माजल्यात घरात," एवढंच म्हणाल्या आणि आपलं पाऊल त्यात ठासलं.

शेजारच्या यशोदाबाई हे सगळं भिंतीवरून बघत होत्या. त्यांनी मनाशी निकाल लावून टाकला. "अंबूआक्काचं पाय गेलं गं. वारं गेलं पायावरनं." गल्लीच्या या टोकाला पायावरून गेलेलं वारं त्या टोकाला पोचेपर्यंत कमरेपर्यंत चढलं. सूत नेणाऱ्या माणसाने ती बातमी निपाणीला पोचवली आणि तिकडून उलटा निरोप आला. अंबूचे पाय गेले हे ऐकून गुणाबाईंनी अंथरूण धरलं होतं. रडून रडून उरलीसुरली नजरही चालली होती.

हे ऐकून हरिभाऊने निर्णय दिला. "आई, तुला आता निपाणीला पाठवत नाही. चढाउतारीत काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

अंबूबाई उठल्या, लंगडत परसात गेल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून इंदूने सासूला डोळ्याला पदर लावताना पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

हरिभाऊ कोर्टात गेला तसं इंदूने परसात जाऊन सासूचे पाय धरले.

"आत्याबाई, मला मारा. पण ते बूट काढा. ते तुमच्या मापाचे न्हाईत. माप माझं हाय. मला ठावं होतं तुमचं पाऊल रुंद हाय, तरी मी तोंड उघडलं न्हाय. वाटलं, तुम्हाला झाले न्हाईत तर..."

अंबूबाई हळूच पायरीवर बसल्या.

"ऊठ. त्यात सांगाय काय हाय? पहिल्या दिवशी घातले तवाच समजलं मला. तुझ्या पायाचं माप मला ठावं न्हाय व्हय? उन्हातनं आलीस की ताकाच्या भांड्याला तळवं लावून बसतीस, मी बघत न्हाय?"

इंदू तोंड उघडं टाकून बघत राहिली. "मग घातलासा कशाला?"

"घट्ट हाय म्हटलं असतं तर हऱ्यानं त्येच दिवशी परत देऊन टाकलं असतं. तुझ्या पायात काय आलं असतं, खडी? आन् कोरं बूट घालून तू गल्लीतनं गेली असतीस तर हीच यशोदा बोंबलली असती, सून साहेबीण झाली म्हणून. पण सासूचं जुनं, सासूनं टाकलेलं सुनेनं घातलं तर कोण काय बोलणार? उलट गुणाची म्हणतील. म्हटलं, म्हैनाभर घालावं, जुनं करावं, मग तुला द्यावं. मधी ही पट्टीवाली मंडळी येतील, असं काय माहीत? अन् गुणाक्काच्या कानावर जाईल, असं तर स्वप्नात न्हाय आलं."

मग अंबूबाईंनी बूट काढून सुनेपुढं सरकवले. "घे. आता झाल्यात जुनं. घाल."

इंदूने डोळे पुसले आणि पाय घातला. पाय आत गेला तो विहिरीत पोहरा गेल्यासारखा गेला. चालायला गेली तर बूट मागं राहिला आणि ती पुढं आली.

"हे काय गं?" अंबूबाईंनी विचारलं.

त्यांनी तोवर पायावरच्या पट्ट्या सोडून लेप खरवडला होता. त्यांनी बूट परत घेतला, त्यात पाऊल सरकवलं, मग दुसरं. उठून उभ्या राहिल्या. भिंत न धरता तुळशीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. पट्टीसकट पावलाने कातडं असं ताणलं होतं की उघडं पाऊल आता त्यात अंगच्या चोळीसारखं बसलं. टाच तर केव्हाच भरून आली होती.

"इंदे," त्या खिन्नपणे म्हणाल्या, "हे मलाच झालं की गं."

संध्याकाळी आईला ताठ चालताना पाहून हरिभाऊचे हात आपोआप जोडले गेले. वैद्यांचा लेप लागू पडला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. त्याच आठवड्यात सासू-सून सर्व्हिस मोटारीने निपाणीला गेल्या. गुणाबाई ओसरीवर टेकून बसल्या होत्या. अंगणातून करकर वाजत येणारे पाय त्यांनी ऐकले, मग हात लांब करून बहिणीचे दोन्ही गुडघे, नडग्या, पावलं चाचपली.

"हायती की गं जाग्यावर!" त्या म्हणाल्या, आणि अंबूबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवला. बराच वेळ बघत राहिल्या.

परत आल्यावर अंबूबाईंनी मुलाला सांगितलं, "हे बूट रोजचं झालं. देवदर्शनाला म्हणून एक बरं पायताण कर. माप पहिलंच दे." इंदूच्या मापाची चप्पल आली. यशोदाबाई भिंतीवर आहेत हे बघून अंबूबाई बाहेर आल्या, त्यांनी चपलेत चार बोटं घातली, दाराबाहेर दोन पावलं टाकली आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "छे गं बाई! टोचतंय मला. इंदे, वाया कशाला घालवायचं? तू घालून टाक."

इंदूने चप्पल घातली आणि भर उन्हात, खडीच्या मधोमध चालत शाळेला गेली. गल्लीत कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी यशोदाबाई भिंतीवरून न बोलता दारातून आत आल्या. त्यांची सून बाळंतपणातून उठून पुन्हा अनवाणी विहिरीचं पाणी ओढायला लागली होती. यशोदाबाईंच्या पदराखाली काहीतरी होतं. इकडं तिकडं बघून त्यांनी ते बाहेर काढलं. नवी कोरी चप्पल, नाजूक, बारीक पावलाची.

"अंबूआक्का," त्या हळूच म्हणाल्या, "जरा दोन पावलं घालून देतासा काय?"

अंबूबाईंनी हातातलं सूत बाजूला ठेवलं. चप्पल समोर घेतली, बोटं आत घातली, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात कण्हल्या.