एक रिवॉल्वर, बरोबर दोनशे चाळीस झाडं

जी वस्तू कधी वापरलीच नाही, तिची किंमत ठरवणं हे मानवी बुद्धीपुढचं सर्वात कठीण काम आहे. वापरलेल्या वस्तूचं सोपं असतं. ती झिजते, आणि झीज दिसते. न वापरलेली वस्तू नुसता रुबाब करते, आणि रुबाब मोजायचं माप सौंसर तहसिलीत अद्याप आलेलं नव्हतं.

ही उणीव बोरगावच्या पुंडलिकरावांच्या अंगणात भरून निघाली. पुंडलिकरावांचं वय एक्क्याऐंशी. मालमत्ता दोन: संत्र्याचा बगीचा, झाडं दोनशे चाळीस, आणि परवान्याचं एक रिवॉल्वर. वारसही दोन. मुलगा गजानन, ज्याचं सौंसरला मोबाईलचं दुकान आहे. आणि मुलगी उर्मिला, जी सासरहून परत आल्यापासून चार वर्षं बगीचा पाहते. डिंक्या रोगाने रडणारी झाडं तिने बुंधे खरवडून, मलम लावून उभी केली. तिचं पोट त्याच झाडांवर आहे.

गजानन कायद्याचा फार आदर करतो. बहिणीला समान वाटा मिळालाच पाहिजे, असं त्याने स्वतःहून सांगितलं. वस्तू दोन, वारस दोन. बगीचा त्याला, रिवॉल्वर तिला. फक्त दोन्हींची किंमत सारखी आहे, एवढं कुणीतरी निष्पक्षपणे सिद्ध करायला हवं होतं.

म्हणून तीन पंचांची मूल्यांकन समिती नेमली. अध्यक्ष दादाजी, संत्र्याचे जुने व्यापारी. बांधावर उभं राहून, एकाही फळाला हात न लावता, अख्ख्या बहाराचा भाव सांगणारा दुसरा माणूस पांढुर्ण्यापर्यंत नाही. उरलेले दोन सदस्य गजाननच्या घरी चहा पिऊन आले होते (ही पात्रता होती). अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण पेन माझ्याजवळ होता.

रिवॉल्वर पाटावर ठेवलं. दादाजींनी त्याला बगिच्यासारख्या तीन फेऱ्या मारल्या, डोळे बारीक केले आणि माल चांगला असल्याचं जाहीर केलं.

तांत्रिक मतासाठी छिंदवाड्याहून वीरेंद्र नावाचा बंदूक दुरुस्तीचा कारागीर बोलावला होता. त्याने येताच अशिष्टपणा केला. रिवॉल्वर हातात घेतलं.

त्याचे आक्षेप आणि समितीचे निर्णय पुढीलप्रमाणे नोंदले आहेत.

चक्री हलते. (समिती: स्वभाव मोकळा आहे.)

नळीत आतून गंज आहे. (अनुभव.)

गोळ्यांच्या सहा घरांपैकी एका घरात गव्हाचा दाणा आहे. (रिवॉल्वर तीस वर्षं गव्हाच्या कोठीत ठेवलं होतं. दाणा लोकवन जातीचा निघाल्याने दर्जा वाढला.)

घोडा ओढला की चक्री पूर्ण फिरत नाही, त्यामुळे गोळी नळीतून जाईल की चालवणाऱ्याच्या बोटाकडे येईल, हे सांगता येत नाही. (समितीने याला 'दोन्ही बाजूंनी उपयोगी' असा शेरा दिला.)

गोळ्या हिरव्या पडल्या आहेत. (अजून पिकायच्या आहेत.)

वीरेंद्रने हात पुसले. म्हणाला, "काका, हे भंगार होय. वजनावर जाईल." समितीने त्याचे आभार मानले आणि बसची वेळ विचारली.

त्यानंतर कामगिरी तपासली. प्रत्येक निवडणुकीत हे शस्त्र ठाण्यात जमा होतं. अशा चौदा पावत्या निघाल्या, म्हणजे चालचलन सरकारदरबारी नोंदलेलं. लग्नांना हजेरी: एकसष्ट. प्रत्यक्ष वापर: एकदा. लक्ष्य: बगिच्यातलं माकड. परिणाम: पाण्याची टाकी. या घरी तीस वर्षांत न आलेले चोर: अंदाजे चारशे बारा. (रिवॉल्वर नसतं तर ते आले असते, असं गृहीत धरलं आहे.)

हे सगळं जोडून, त्यातून काही वजा न करता, रिवॉल्वरची किंमत बरोबर दोनशे चाळीस झाडं निघाली. एक झाड इकडे नाही, एक झाड तिकडे नाही. गणित एवढं चोख जमलेलं पाहून गजाननचे डोळे भरून आले.

राहिला प्रश्न परवान्याचा. उर्मिलाजवळ तो नाही. मिळेपर्यंत रिवॉल्वर ठाण्यात राहणार. समितीच्या मते हा तिचा फायदाच होता. तिच्या वाट्याची राखण पोलीस करतील. झाडांना असं सुख कुठे?

उर्मिला एवढा वेळ दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने अहवाल मागितला, सावकाश वाचला आणि सगळ्यांना त्यावर सह्या करायला लावल्या. गजाननची सही तिने दोनदा घेतली. मग सूप बाजूला ठेवलं.

"दादा, एवढी मोलाची वस्तू अन् तू मले देऊन राहिला," ती म्हणाली. "तू मोठा. मान तुहा. रिवॉल्वर तू ठेव. झाडं मी घेतो कशी तरी."

खाटेवर पडलेले पुंडलिकराव एक्क्याऐंशी वर्षांत पहिल्यांदाच उठल्यासारखे ताठ बसले आणि म्हणाले, "काहून गज्या, भाव तर सारखाच हाय ना?"

गजाननने फेरमूल्यांकनाची तोंडी मागणी केली. समितीने ती अकरा मिनिटांत निकाली काढली. या वेळी दादाजींनी रिवॉल्वरला हात लावला. चक्री हलत होती. गंज हा गंजच निघाला. चारशे बारा चोरांचा पुरावा मिळेना. नवी किंमत: शून्य झाडं. (लाकडी मुठीचं सरपण वेगळं.) याही अहवालावर सगळ्यांनी सह्या केल्या, आता सवय झाली होती.

उर्मिलाने दोन्ही कागद गुडघ्यांवर पसरले. "दोन्हींवर तुही सही हाय. पहिला खरा असन तर रिवॉल्वर घे. दुसरा खरा असन तर झाडं अर्धी-अर्धी. कोणता खरा, तूच सांग."

गजाननने दुसरा खरा मानला. एकशे वीस झाडं, विहिरीकडची, उर्मिलाच्या नावावर चढली. विहिरीकडची का, हे विचारायला समिती थांबली नाही.

तेव्हापासून समितीला वेळ पुरत नाही. लोधीखेड्याहून एक जुनी बुलेट आली आहे, पांढुर्ण्याहून हार्मोनियम, सौंसरहून बंद पडलेली पिठाची गिरणी. प्रत्येकाची किंमत शेताएवढी निघावी, अशी विनंती आहे. अर्जदार सगळे भाऊ आहेत.

तुम्ही वाचताना हसलात, त्याअर्थी तुमच्या घरी असं काही झालेलं नसणार. तरी नोंदीपुरतं कळवा: तुमच्या शेताच्या खसऱ्यावर, म्हणजे सातबाऱ्यावर, बहिणीचं नाव आहे का? नसल्यास त्या बदल्यात तिला काय दिलं? साडी दिली असल्यास रंग लिहावा. मूल्यांकन मोफत आहे.