तीन माणसांचा बॉयलर

तीन वाजून दहा मिनिटं झाली तरी हिरामणचा पत्ता नाही, तेव्हा बाबाजी सारखा घड्याळाकडे बघू लागला. साडेतीनला सरूला बघायला पेणहून पाहुणे यायचे होते, आणि मुलीचा बाप रोह्याच्या कंपनीत बॉयलरपाशी अडकलेला! पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम. कंपनीत साहेब अकरा. बॉयलर चालवायचा परवाना मात्र तिघांकडेच. बाबाजी, हिरामण आणि गोविंदा.

त्याने मोठ्या साहेबांना फोन लावला.

"बाबाजी, कंपनी कुणावाचून अडत नसते," साहेब म्हणाले.

"मग मी निघू, साहेब?"

"निघू काय? बॉयलर कोण बघणार, मी?"

शेवटी पावणेचारला त्याने हिरामणलाच फोनवर गाठलं.

"कुठं तडमडलास रे?"

"तुमच्याच घरी हाय, बाबाजीभाऊ! पाहुणे घेऊन आलोय. तुमी कुठं हाय?"

बाबाजीने कपाळाला हात लावला. स्थळ हिरामणनेच आणलेलं. मुलगा म्हणजे त्याचा भाचा, गोविंदाच. वेळ ठरवताना हिरामणने बाबाजीची शिफ्ट पाहिली, गोविंदाची पाहिली. स्वतःची तेवढी पाहायची राहिली.

"ये आधी इकडं. तू आलास का मी निघतो."

"मी उठलो तर भावोजी पण उठतील. मुलीचा बाप समोर नाय, म्हंजे नकारच समजतायत ते!"

एवढं चांगलं स्थळ हातचं जाणार म्हणून बाबाजी रडकुंडीला आला. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला गोविंदा धापा टाकत आत शिरला.

"काका, निघा तुमी. बॉयलर मी बघतो."

"अरे, पण मुलगी तुला दाखवायचीय!"

"आधी घर गाठा. आमचे बाबा चप्पल घालून बसलेत."

बाबाजी घरी पोचला तेव्हा हिरामण दुसऱ्यांदा पोहे घेत होता.

"आता नवरा मुलगाच नाय," त्याची बायको मालू कुजबुजली. "चहा कुणाला देऊ, अवो?"

सरू ट्रे घेऊन बाहेर आली. तिने खोलीवरून एकदा नजर फिरवली.

"ज्यांची शिफ्ट नव्हती ते कामावर गेले, नि ज्यांची हाय ते पोहे खातायत," ती म्हणाली. "बाबा, मला मुलगा पसंत हाय."

गोविंदाच्या वडिलांनी हसत चपला काढल्या.

"पण हिरामणकाका, बघायचंय मला त्यांना. तुमी जा नि त्यांना मोकळं करा."

हिरामणने बशी खाली ठेवली आणि तो सायकलची किल्ली शोधू लागला.