लिंबानं राखलेली जागा

शहात्तर साली मी चौतीस वर्षांचा होतो, आणि आमच्या नेकनूरचा लिंबा गाता गाता मधीच गप होतो म्हणून सगळीकडं बोलबाला होता. पहिली ओळ म्हणायची, हात वर करायचा, आणि सुपारी चावून व्हावी एवढा वेळ नुसतं उभं राहायचं. मग दुसरी ओळ. लोक म्हणायचे, विसरला. लिंबा आणि विसरणार? गेवराईच्या बाजारात कधीकाळी बघितलेला बैल तो शिंगांवरून सांगायचा.

आमची बँडपार्टी होती. तो पत्र्याच्या भोंग्यातून गायचा, मी हलगी वाजवायचो. बहात्तरच्या दुष्काळात लग्नं नुसत्या चहावर उरकली. मालकानं वाद्यं मोडीत घातली आणि बँड मोडला. मी हलगी खुंटीला टांगली. बँड न्हाई तर हलगी न्हाई, असा शब्द मीच मला दिला. सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागलो, पण शब्द मोडला नाही. हलगीबिगर लिंबाचं गाणंही ऐकायला गेलो नाही.

लिंबाचं उलटं. "गळा आपला हाय, बाकीचं भाड्यानं मिळतंय," म्हणायचा. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या हातोड्यांवर गायला. उरुसात कव्वालांमधी बसला. आष्टीकडं धनगरांच्या ढोलांसंगं गायला. कुणीच नसलं तर एकटा. बँडपेक्षा त्याचं नाव मोठं झालं. काट्यावर येईल त्याला मी सांगायचो, "आमच्या बँडचा गडी हाय त्यो."

पण थांबणं सुटलं नाही. कव्वाल पुढं निघून गेले, तर ह्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. भजनी मंडळाचे बुवा तर चिडलेच.

"कावून थांबतो बे?"

"तिथं जागा हाय."

"कुणाची?"

"ज्याची हाय त्याची."

शहात्तर साली कारखान्याचा हंगाम सुरू करायला चेअरमननी शहरातून ऑर्केस्ट्रा आणला आणि गायला लिंबाला बोलावलं. गाणं जमलं तर पुढच्या सगळ्या कार्यक्रमांना तोच. ऑर्केस्ट्रावाल्यानं बजावलं, "मामा, मधे थांबलात तर खाली बसवीन."

"बसवा. जागा भरायची न्हाई."

मी कामावर, काट्याजवळ उभा; मंडप समोरच. लिंबानं पहिली ओळ म्हटली, हात वर केला. ऑर्केस्ट्रा पुढं पळाला, गोंधळला, बंद पडला. लोक हसले. चेअरमननी कपाळाला आठ्या घातल्या. लिंबानं शांतपणे पुन्हा पहिली ओळ धरली, पुन्हा हात वर. आता माझ्या ध्यानात आलं. तिथं माझ्या हलगीचे ठोके पडायचे. एवढ्या मोठमोठ्या वाजवणाऱ्यांत बसून गड्यानं माझी जागा कुणाला दिली नव्हती.

शेजारी रिकामं घमेलं होतं. पालथं घातलं आणि ठोके दिले.

लिंबानं वळून बघितलं नाही. दुसरी ओळ अशी उचलली, की बैलगाड्यांवरचे ऊसतोडकरी उठून उभे राहिले. चेअरमनच पुढचं गाणं सांगायला लागले.

उतरल्यावर माझ्याकडं आला. डोळे पुसत म्हणाला, "लई उशीर केला बे. हलगी कुठं हाय?"

"खुंटीला."

"कातडं ढिलं पडलं असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हलगी काढली, उसाच्या पाचटाचा जाळ करून शेकली आणि वाजवत वाजवत लिंबाच्या दारात गेलो. शब्द मी मोडला नाही. दोघं झालो की बँडच झाला.